रिकामी बुट्टी

दसरा झाला, भात कापणीला आलं, भुईमुगाच्या शेंगा अंगणात वाळायला लागल्या की आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचा रविवार ठरतो. काही ठिकाणी त्याला कापणीचा सण म्हणतात. गटातल्या बायका दरवर्षी विचारतात, "ताई, तुमच्यात त्या दिवशी करतात तरी काय?" म्हणून आज तेच सांगते. त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही आली.

कोल्हापुरात ख्रिस्ती मंडळी जुनी आहे. रॉयल गुल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथे आले. त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च शहरात आहे. अमेरिकेत उपकारस्तुतीची सुट्टी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असते, कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. आम्ही मात्र पीक घरात कधी येतंय ते बघून रविवार धरतो. कोजागिरीला नव्या भाताचा नैवेद्य करणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

त्या सकाळी चर्च ओळखू येत नाही. दोन्ही बाजूंना ऊस उभे, पुढे भाताच्या पेंढ्या, शेंगा, भोपळे, गुळाची ढेप, अंडी, आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी, जी नेमकी प्रार्थनेच्या वेळीच ओरडते. उपासना झाली की या सगळ्याचा लिलाव होतो. एखादा नारळ घेणारा पैसे देतो आणि नारळ पुन्हा टेबलावर ठेवतो, की दुसरी बोली सुरू. मुलांना यातच खरी गंमत वाटते. पैसे मंडळीच्या कामाला जातात. ज्यांना शेत नाही, ते पाकिटात दान देतात.

आता २०१९ सालचं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. किती घरं, किती ऊस पाण्याखाली होता ते तुम्ही पाहिलंच आहे. तरी उपकारस्तुती झाली. पाकिटांवरची नावं आणि रकमा माइकवरून वाचायचं काम माझ्याकडे होतं. दरवर्षीसारखं मी वाचलं. आमच्या गटातली नदीकाठची एक बाई त्या दिवशी आली नव्हती. दोन दिवसांनी तिच्या घरी गेले. भिंतीवर कमरेच्या वर पाण्याची रेघ होती. म्हणाली, "रिकामी बुट्टी घेऊन कुठं येऊ, ताई? सगळ्यांची नावं वाचणार, माझं काय वाचणार?"

मला उत्तर सुचलं नाही.

आपल्या मराठीत 'उपकार' हा शब्दच जरा अवघड आहे. उपकार झाला की फेडायचा, नाही फेडला तर मिंधं व्हायचं. तिने देवाचे आभारही बचत गटाच्या हप्त्यासारखेच धरले होते. हप्ता चुकला, म्हणून बैठकीला यायची लाज. आणि ती समजूत घट्ट करणारी यादी मीच वाचत होते.

घरी येऊन मी बायबलमधला अनुवादाचा सव्विसावा अध्याय परत वाचला. पहिल्या पिकाची टोपली देवापुढे न्यायची, हे आम्हाला पाठ असतं. पण टोपली ठेवताना बोलायचं काय? तर आमचे पूर्वज परके होते, मिसरात गुलामीत राबले, आम्ही रडलो तेव्हा देवाने ऐकलं. म्हणजे आभारातच दुःखाची हकिगत आहे. आणि पुढे त्याच अध्यायात लिहिलंय की पिकाचा दशमांश परक्याला, अनाथाला, विधवेला द्यायचा, त्यांनी पोटभर खावं म्हणून. लेवीयात तर शेताचे कोपरे कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी राहू द्या, असा नियमच आहे. रूथ सरवा वेचायला जाते ती त्याच हक्काने. या हिशोबाने रिकाम्या बुट्टीची बाई त्या सणाची देणेकरी नव्हतीच. बुट्टी तिच्यासाठी भरायची होती.

आणखी एक. "आहे त्यात समाधान मान, देवाचे आभार मान," हे वाक्य बाईला गप्प करायला फार वापरलं जातं. नवरा मारतो, मजुरी पुरुषापेक्षा कमी मिळते, तरी आभार मान. स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं सरळ देवाकडे केलेली तक्रार आहेत, ती चर्चमध्ये वाचली जातात. तक्रार करणारी बाई कृतघ्न नसते.

आता आम्ही काय करतो? नावं-रकमा वाचत नाही. दाराशी झाकलेली पेटी असते. लिलावाआधी धान्य-भाजीतला वाटा काढून संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचवतो. ऑक्टोबरच्या गट-बैठकीत प्रत्येकीने एक आभार सांगायचा, पण नुसतं "देवाने सांभाळलं" चालत नाही, कोणाच्या हातून ते सांगायचं. एकीने पुरात आठ दिवस फुकट दूध देणाऱ्या शेजारणीचं नाव घेतलं. ती शेजारीण तिथेच बसली होती, आणि तिला ते आठवतही नव्हतं. ज्या बाईच्या घरी मी गेले होते, ती पहिल्या वर्षी काहीच बोलली नाही. तिला कोणी बोल म्हटलंही नाही.

लिलाव मात्र अजून चालू आहे. बोली लावण्यात पैशावाल्यांचाच आवाज मोठा होतो, तो बंद करा, असं माझं म्हणणं. आमच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, मग चर्चच्या छपराचे पैसे कुठून आणायचे? यंदाच्या सभेत हा विषय परत निघणार आहे.