चाकातील हवा

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडाची धाव चढवीत असे. ती लाल होईपर्यंत तापवावयाची, चाकावर बसवावयाची आणि वरून पाणी ओतावयाचे, म्हणजे थंड होताना ती आकुंचन पावून चाकाला घट्ट आवळून धरी. धावेमुळे लाकूड झिजत नसे. परंतु वाटेतील प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक धोंडा गाडीत बसलेल्या माणसाच्या हाडांपर्यंत पोहोचे. हा त्रास दूर करण्यासाठी रॉबर्ट विल्यम थॉमसन याने 1845 साली हवा भरलेल्या धावेची कल्पना मांडून तिचे एकस्व मिळविले. पण तिचा प्रसार झाला नाही. पुढे बेलफास्ट शहरात राहणारा जॉन बॉइड डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलचे हादरे कमी करण्याच्या खटपटीस लागला. चाकाभोवती हवा भरलेली रबरी नळी बसविण्याची युक्ती त्याला सुचली आणि 1888 साली त्याने तिचे एकस्व घेतले. तेव्हापासून गाडीचे ओझे लोखंडाऐवजी हवा वाहू लागली.

हवेने ओझे वाहावयाचे, तर ती किती असावी, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याचे उत्तर एका प्रवासाच्या आधारे पाहू.

फेब्रुवारी महिन्यातील पहाट होती. निफाडजवळच्या एका मळ्यात द्राक्षांनी भरलेली पिकअप गाडी उभी होती. तिला सुमारे दोनशे किलोमीटर दूर असलेल्या वाशीच्या बाजारात जावयाचे होते. निफाडची थंडी प्रसिद्धच आहे. त्या पहाटे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या आसपास होते. गाडीचा चालक हातात दाबमापक घेऊन चाकांजवळ बसला होता. त्याच्याबरोबर मुंबईस निघालेला त्याचा भाचा शाल लपेटून ते पाहत होता.

“मामा, चाके तर चांगली फुगलेली दिसतात. मग पुन्हा मोजता कशाला?” त्याने विचारले.

“डोळ्यांना दिसतो तो टायरचा आकार. आतला दाब डोळ्यांना दिसत नाही रे बाळा,” मामा म्हणाला, “हे बघ, डावे मागचे चाक. येथे 43 पौंड हवी, आहे 36.”

भाच्याने टायरवर वाकून पाहिले. तेथे एक मोठा आकडा कोरलेला होता. “मामा, येथे तर 43 पेक्षा पुष्कळ जास्त लिहिले आहे!”

मामा हसला. “होडीवर लिहिलेले असते ना, इतक्यांहून अधिक माणसे बसू नयेत? तसा तो आकडा आहे. ती टायरची शेवटची मर्यादा. या गाडीला किती हवा लागते, ते येथे पाहावयाचे.” असे म्हणून त्याने चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला. चौकटीवर एक लहानशी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर रिकाम्या गाडीसाठी मागच्या चाकांस 32 पौंड आणि भरलेल्या गाडीसाठी 43 पौंड असे दोन आकडे होते.

येथे पौंड म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड दाब, असे समजावयाचे. 43 पौंड दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 3 किलोग्रॅम. आता एका मागच्या चाकावर 750 किलोग्रॅम भार आहे, असे समजा. हा भार पेलण्यासाठी टायरचा सुमारे 250 चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकावा लागेल. कारण 250 ला 3 ने गुणले असता 750 येतात. एवढी जागा म्हणजे पसरलेल्या पंजाएवढी! दाब 3 वरून 2 वर आला, तर तोच भार पेलण्यास 375 चौरस सेंटिमीटर जागा लागेल. म्हणजे टायरला अधिक चपटे व्हावे लागेल. टायरच्या बाजूंच्या ताठपणामुळे प्रत्यक्षात या हिशेबात थोडा फरक पडतो. परंतु मूळ तत्त्व हेच.

टायर अधिक टेकला, तर पकड वाढून लाभच होईल, असे कोणास वाटेल. परंतु तसे नाही. एखादी तार एकाच जागी पुनःपुन्हा वाकवून पाहा. ती जागा आधी गरम होते आणि शेवटी तार तुटते. हवा कमी असलेल्या टायरची हीच अवस्था होते. प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजू प्रमाणाबाहेर वाकतात आणि सरळ होतात. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला, तर दोनशे किलोमीटरांत ते जवळजवळ नव्वद हजार वेळा फिरते. इतक्या वेळा वाकून टायर आतून तापतो, त्याचे थर सुटू लागतात आणि भरधाव वेगात तो अकस्मात फुटतो. भरलेली गाडी अशा वेळी एका बाजूस ओढली जाते. घाटातील वळणावर हे घडले, तर त्यात माणसांचे प्राणही जाऊ शकतात. शिवाय अशा टायरच्या दोन्ही कडा लवकर झिजतात आणि इंधन अधिक जळते.

याउलट प्रमाणाहून अधिक हवा भरली, तर टायर मधोमध फुगतो. रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो, ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागू शकते आणि टायरचा मधला भाग आधी झिजतो. खड्ड्यांचे धक्केही कठोरपणे बसतात. म्हणूनच रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी निरनिराळे आकडे दिलेले असतात. तथापि, गाडीच्या ठरलेल्या क्षमतेबाहेरचे ओझे कितीही हवा भरली तरी सुरक्षित होत नाही.

मामाने चाकाच्या व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावले. त्यातून बारीक बुडबुडे येऊ लागले. आतील पिन सैल झाली होती, ती त्याने घट्ट केली. नंतर अर्ध्या किलोमीटरवरील पंपावर जाऊन त्याने दाब 43 पौंड केला, स्टेपनीची हवाही पाहिली आणि व्हॉल्व्हची टोपणे बसविली. निर्दोष टायरमधूनही महिन्याकाठी एक-दोन पौंड हवा कमी होते. मग व्हॉल्व्ह सैल असेल तर काय सांगावे!

इगतपुरीस गाडी थांबली, तेव्हा ऊन चढले होते. भाच्याने उत्साहाने दाबमापक लावला. काटा 48 वर गेला. “मामा, पाच पौंड जास्त झाली! सोडू का?”

“हात लावू नकोस,” मामा म्हणाला, “हवा वाढलेली नाही, ती तापली आहे.”

बंद जागेतील हवा तापली की तिचा दाब वाढतो. एवढ्या दाबाच्या टायरमध्ये दर दहा अंश सेल्सिअसला सुमारे दोन पौंडांचा फरक पडतो. वाटेत टायर आणि त्यातील हवा पंचवीस अंशांनी तापली होती. म्हणून पाच पौंड वाढले. पट्टीवरील आकडा थंड टायरचा असतो. गरम होऊन दाब वाढेल, हे गृहीत धरूनच तो ठरविलेला असतो. गाडी निदान तीन तास उभी असेल किंवा दीड किलोमीटरहून कमी चालली असेल, तर टायर थंड समजावा. गरम टायरमधून पाच पौंड हवा सोडली असती, तर दुसऱ्या दिवशीच्या थंडीत तो दाब 38 पौंडांवर आला असता, आणि पहाटेचा दोष पुन्हा निर्माण झाला असता.

थोड्याच वेळात गाडी कसारा घाट उतरू लागली. एका बाजूस खोल दरी होती. मागे द्राक्षांचे ओझे होते आणि गाडी वळणामागून वळणे संथपणे घेत होती. भाचा काही बोलत नव्हता. त्याने आपला पंजा पसरून गुडघ्यावर ठेवला होता आणि तो त्याकडे पाहत होता. तेवढ्या चार जागांवर ती सारी गाडी उभी होती.

वाशीस माल उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी, परत निघण्यापूर्वी, मामाने भाच्याला हाक मारली. पण तो आधीच चाकाजवळ बसला होता. टायर थंड होते, गाडी रिकामी होती. पट्टीवरील दुसरा आकडा वाचून तो मागच्या चाकांतील हवा 32 पौंडांवर आणीत होता.