कौलांचा ‘क’, गालिच्याचा ‘ग’

पावसाळा सरत आला की आमच्या पार्किंगमध्ये एक गंमत दिसते. गळक्या स्लॅबखाली शेवयांसारख्या पांढऱ्या, बारीक नळ्या लोंबू लागतात. टोकाशी एकेक थेंब, पडू की नको करत अडकलेला. परवा शेजारची चिमुरडी म्हणाली, “काका, हे स्टॅलॅग्माइट ना?”

थोडक्यात चुकली बिचारी! लोंबतं ते स्टॅलॅक्टाइट. जमिनीवरून वर येतं ते स्टॅलॅग्माइट.

दोन्ही नावं ग्रीक भाषेतल्या ‘ठिबकणे’ या अर्थाच्या शब्दावरून आली आहेत, म्हणजे सख्खी भावंडंच. मग घोटाळा होणारच. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातली नावं बरी: अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. म्हणताना जीभ अडखळते, पण तोंड कुठे आहे ते लगेच कळतं. (लवण म्हटलं म्हणून चाटायला जाऊ नका, ते मीठ नव्हे!) इंग्रजी नावांसाठी माझी युक्ती घ्या. ‘क्टाइट’मधला क कौलांचा, तो वर. ‘ग्माइट’मधला ग गालिच्याचा, तो खाली.

आता विशाखापट्टणमहून अराकूकडे जाताना लागणाऱ्या बोरा गुहेत शिरू. तिथला डोंगर चुनखडीचा. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड पोटात घेतं आणि किंचित आंबट होतं. असं पाणी चुनखडीला हळूहळू विरघळवतं. गुहेच्या छताला थेंब लटकला, की त्यातला वायू हवेत निसटतो आणि विरघळलेल्या चुनखडीचा इवलासा कण तिथेच चिकटतो. थेंबाच्या कडेने कणांची गोल चकती बनते, चकतीखाली चकती बसत नळी होते. थेंब खाली आपटला की उरलेला माल तिथे सांडतो. म्हणून वरच्याचं टोक अणकुचीदार, खालच्याचं डोकं बोथट, आणि खालच्यात नळी नसतेच. पुढे कधीतरी दोघं एकमेकांना टेकले की झाला खांब.

पण ‘कधीतरी’ म्हणजे कधी? वाढीचा वेग साधारणपणे वर्षाला ०.१ मिलिमीटर! १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या दिवशी सुरू झालेला लवणस्तंभ आज जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. म्हणून गुहेत हात लावायचा नाही. बोटांचा तेलकटपणा लागला तरी वाढ खुंटू शकते.

अजिंठ्याला असे लवणस्तंभ का नाहीत? ती लेणी माणसांनी काळ्या बसाल्टमध्ये कोरली, आणि बसाल्ट म्हणजे चुनखडी नव्हे.

मग पार्किंगमध्ये कुठून आले? सिमेंटमधून! त्यातला चुना पाण्याबरोबर झिरपतो आणि उलट हवेतलाच कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. हे काम गुहेपेक्षा शेकडो पटींनी झटपट चालतं. (ते पाणी त्वचेला झोंबतं, लांबूनच बघा.)

आमच्याकडे क भरपूर आहेत. ग मात्र एकही नाही, कारण वॉचमनकाका रोज सकाळी खराटा मारतात.