प्रार्थनेची भाषा (लेखांक ५) : गोठा रिकामा, तरी

पाऊस किती मिलिमीटर पडला हे तालुक्याच्या ठिकाणी कळतं. बीड जिल्ह्यातल्या गावात दुष्काळ कळतो तो दावणीवरून. आधी भाकड गाय बाजाराला जाते, मग दुभती, सगळ्यात शेवटी बैल. २०१९च्या उन्हाळ्यात आष्टी तालुक्यातल्या एका चारा छावणीत गेलो होतो. हिरव्या जाळीच्या सावलीत जनावरं, आणि त्यांना लागूनच बाजा टाकून राहिलेली माणसं. एक आजी गाईच्या वशिंडावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई बाबा, देवासंगं भांडत व्हते." देव कोणता, ते मी विचारलं नाही.

बायबलमधला हबक्कूक नावाचा संदेष्टा असाच भांडतो. तीनच अध्यायांचं त्याचं पुस्तक, पण सुरुवात स्तुतीनं नव्हे, गाऱ्हाण्यानं होते. देशात अन्याय माजलाय, वरून बाबेलची फौज चालून येणार, आणि देव मात्र गप्प. हा गप्पपणा त्याला सहन होत नाही, आणि तसं तो देवाला तोंडावर सांगतो. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो तलाठ्यानं पंचनामा करावा तसा नुकसानीचा हिशेब मांडतो : अंजीर, द्राक्ष, जैतून, मग शेतातलं धान्य, मग मेंढवाडा आणि शेवटी गोठा. सहाही रकान्यांत शून्य. लगेच पुढच्या ओळीत तो म्हणतो, तरी मी आनंद करीन.

गंमत अशी की मधल्या वेळात पाऊस पडलेला नाही, फौजही माघारी फिरलेली नाही. बदललेलं काहीच नाही. उपदेशक बहुतेक वेळा हे 'तरी' घाईनं ओलांडतात आणि थेट आनंदावर येतात. माझी तक्रार त्यालाच आहे. पहिल्या अध्यायातलं भांडण काढून टाकलं तर तिसऱ्यातला आनंद नुसता बळेबळे आणलेला वाटतो. ज्याच्याशी इतकं कडकडून भांडता येतं, तो अजून आपला आहे, ऐकतो आहे, ही खात्री त्या भांडणातच होते. हबक्कूकाचा आनंद उभा आहे तो या खात्रीवर. गोठ्यावर तो उभाच नव्हता, म्हणून गोठ्याबरोबर गेला नाही. पौलानं फिलिप्पैकरांना आनंदाचं पत्र लिहिलं तेही कैदेत असताना.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचं दुकान बुडालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. विठ्ठलाशी त्यांच्याइतकं कोण भांडलं? १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं मानत. त्यांनी येशूची भक्ती अभंगात आणि भजनात आणली. नगरच्या मिशनचा वारा लागलेल्या या पट्ट्यात म्हणूनच प्रार्थनेला टाळ चालतो.

बीडमध्ये ख्रिस्ती माणसं चिमूटभर. त्यातल्या ज्यांच्या हाती ऊसतोडीचा कोयता आहे, त्यांचा नाताळ गावात होत नाही. दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि डिसेंबरात त्या सांगली-कोल्हापूरकडच्या फडात असतात. मुकादमाची उचल अंगावर. खाडा केला तर तोही हिशेबात लागतो. सणाची सुट्टी कोण देणार? गाडी भरून आल्यावर कोपीपुढे चुलीच्या उजेडात दोन गाणी म्हणायची, डोळे मिटायचे, आमेन. पहाटे पुन्हा मोळ्या बांधायला जायचं.

मग कुणी विचारतं, हे सोसायला शिकवणंच नाही का? प्रश्न खोटा नाही. उचलीची बेडी गाण्यानं तुटत नाही, आणि तशी ती तुटते असं सांगणाऱ्यापासून लांब राहावं. पण आष्टीच्या शेजारीच जामखेड आहे. तिथं १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं येऊन राहिलं. लगेच १९७२चा दुष्काळ आला. त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्यसेविका केलं. त्यांच्या हातून बाळंतपणं सुखरूप होऊ लागली. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रार्थना त्यांच्याही घरात होती. तिनं त्यांना स्वस्थ बसवलेलं दिसत नाही.

हबक्कूकाच्या पुस्तकाची अगदी शेवटची ओळ बरेच जण वाचतच नाहीत. ती गवयासाठीची सूचना आहे : हे तंतुवाद्यांवर म्हणायचं. म्हणजे तो रिकाम्या गोठ्याचा पंचनामा चाल लावून, चारचौघांत गायला जायचा. कोपीपुढे तंतुवाद्य कुठलं? तिथं पाण्याचा प्लास्टिकचा ड्रम पालथा घालतात.

सगळ्याच प्रार्थनांना असं 'तरी' सापडत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत ठेवलेलं आहे. पुढच्या आठवड्यात ते वाचू.