घुबड पाहायचंय? उन्हात या!

घुबडाला दिवसा दिसत नाही, हे ज्यानं ठरवलं त्याची पिंगळ्याशी कधी नजरानजर झालेली नसावी. जेमतेम २१ सेंटिमीटरचा जीव, साळुंकीहूनही लहान. पण वडाच्या ढोलीतून असा रोखून बघतो, की आपली घरपट्टी थकलीय की काय असं वाटावं!

बघता बघता तो डोकं वरखाली करतो, तो काही राग नव्हे. घुबडाचे डोळे नळीसारखे लांबट आणि खोबणीत घट्ट बसलेले, फिरवायची सोयच नाही. मग अंतराचा अंदाज घ्यायला डोकं हलवायचं आणि मागचं बघायला मान वळवायची, तीही २७० अंशांपर्यंत! मानेत मणके १४, म्हणजे आपल्या दुप्पट. त्यामुळे पिंगळा पाठमोरा बसला असला तरी कॅमेरा आवरू नका.

शोधायचा कुठे? आधी झाडाखाली. बुंध्यावर पांढऱ्या शिटेचे ओघळ आणि खाली करड्या गोळ्या दिसल्या, की मान वर करा. न पचलेली हाडं, केस, किड्यांची कवचं घुबड गोळी करून ओकून टाकतं. गोळी उकलली तर कधी उंदराची कवटीही हाती लागते. दुसरे खबरी म्हणजे बुलबुल, कोतवाल आणि खारी. एकाच फांदीकडे तोंड करून सगळ्यांनी कालवा मांडला, तर तिथे बहुतेक घुबडाची झोपमोड चालू असते.

थंडीत पिंगळे सकाळी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतात. फोटोला याहून चांगली वेळ नाही. मागे उजळ आकाश असेल तर एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर पक्ष्याची नुसती काळी आकृती उरेल. फ्लॅश, मोबाइलवर वाजवलेली हाक आणि घरट्याशी लगट, तिन्ही बंद. डोळे मिटलेल्या घुबडाचा फोटोही झकास येतो, उगाच टाळ्या कशाला वाजवायच्या?

आता या मंडळींतला खरा हिरो, रानपिंगळा. हा तर शिकारच मुख्यतः दिवसा करतो, तरी शतकभर कुणाला सापडला नाही! १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ॲलन ह्यूम यांनी. हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम. १८८४ नंतर पत्ता नाही. मधे मायनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला. पुढे उघड झालं, की स्वारीनं संग्रहालयातला जुना नमुना लांबवून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती! ही थाप बाजूला सारून पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन साथीदार जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सकाळच्या लख्ख उजेडात, रानपिंगळा समोर बसलेला! तिथल्या तिथे फोटो आणि चित्रीकरण झालं. पुढे तो मेळघाटात, यावलमध्ये आणि २०१४ मध्ये चक्क मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला.

तेव्हा पिंगळ्याचा फोटो काढलात, की आधी त्याचं कपाळ मोठं करून बघा. ठिपकेच ठिपके असतील तर आपला नेहमीचा गाववाला. कपाळ जवळपास कोरं, डोकं थोराड आणि पायांवर दाट पांढरी पिसं असतील, तर आणखी चार फोटो काढा. कारण नुसत्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही.