अबिस्को : ढगांना चुकवणारं गाव

नॉर्दर्न लाइट्स पाहायला निघालेली मंडळी सूर्यावर डोळा ठेवून असतात. सौरवादळ कधी येणार, केपी निर्देशांक (भूचुंबकीय खळबळीचं माप) किती, याचीच चर्चा. सहलीचा विचका मात्र बहुतेकदा ढग करतात. हिरवा प्रकाश जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवर उमटतो, ढग त्याच्या कितीतरी खाली. आभाळ भरून आलं की संपलं.

स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे २०० किलोमीटर वर असलेल्या अबिस्को या चिमुकल्या गावाचं नाव झालं ते या ढगांमुळेच. म्हणजे त्यांच्या गैरहजेरीमुळे. अटलांटिकवरून येणारे दमट वारे नॉर्वेच्या सीमेवरचे डोंगर चढताना रिते होतात आणि अलीकडे कोरडे उतरतात. महाबळेश्वर भिजतं आणि माणदेश कोरडा राहतो, तशातलाच प्रकार. अबिस्कोत पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर. शेजारच्या सत्तर किलोमीटर लांब तोर्नेत्रेस्क तलावावर आभाळाचा जो तुकडा वारंवार मोकळा राहतो, त्याला ‘ब्लू होल’ म्हणतात. अर्थात ही हमी नव्हे. इथेही सलग दोन रात्री वाया जाऊ शकतात. म्हणून मुक्काम किमान तीन-चार रात्रींचा हवा. एका रात्रीसाठी एवढ्या लांब जाणं हा निव्वळ जुगार.

मोठ्या सौरवादळाची वाट पाहायची इथे गरज नसते. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हान्लेच्या आकाशातही लाली टिपली गेली. तशी संधी क्वचितच. अबिस्को मात्र ध्रुवाभोवतीच्या प्रकाशवलयाच्या पट्ट्यातच येतं, त्यामुळे सूर्य फारसा खवळलेला नसतानाही प्रकाश दिसू शकतो. तो फिका असेल तर डोळ्यांना राखाडी ढगासारखा वाटतो आणि कॅमेऱ्यात हिरवा येतो. इन्स्टाग्रामवरचे फोटो पाहून आलेल्यांनी हे आधीच ठाऊक करून घेतलेलं बरं.

हंगाम सप्टेंबर ते मार्च. डिसेंबरात बहुतेक दिवस सूर्य उगवतच नाही, म्हणून अनेकांना तोच महिना खुणावतो. पण मार्चमध्ये अंधारही पुरेसा असतो आणि दिवसा गोठलेल्या तलावाकाठी भटकताही येतं. नुओल्या डोंगरावर, ९०० मीटर उंचीवर, ‘ऑरोरा स्काय स्टेशन’ हे प्रकाश पाहण्याचं ठिकाण आहे. तिथे खुर्च्यांच्या उघड्या रोपवेने जायचं. उणे वीसच्या थंडीत तो प्रवास सोसायचा तर कपड्यांचे थर नीट हवेत, आणि कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

इथवर येण्याची खरी मौज रेल्वेत आहे. किरुनाच्या खाणीतलं लोहखनिज नॉर्वेतल्या नार्विक बंदरावर नेण्यासाठी हा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी टाकला गेला. १९८४ मध्ये हमरस्ता होईपर्यंत गावाचा जगाशी संबंध मुख्यतः याच रुळांवरून. स्टॉकहोमहून रात्रीची गाडी मिळते. तिकीट काढताना एक पाहावं: अबिस्को नावाची स्थानकं दोन आहेत. गावासाठी ‘अबिस्को ओस्त्रा’, तर डोंगराच्या पायथ्याच्या निवासासाठी ‘अबिस्को तुरिस्टस्टेशन’.