काजळलेला स्पार्क प्लग : जुन्या ट्रॅक्टरच्या दुखण्याचे निदान

भारतातील शेतकऱ्याच्या परिचयाचा ट्रॅक्टर बहुधा डिझेलवर चालतो. डिझेल इंजिनात हवा अतिशय दाबली जाते, त्यामुळे ती तापते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. तेथे ठिणगीची गरजच नसते. परंतु अमेरिकेतील शेतांवर एके काळी पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांचे राज्य होते. त्यांपैकी फोर्ड कंपनीचा '८एन' हा ट्रॅक्टर १९४७ ते १९५२ या काळात तयार झाला व त्याची संख्या पाच लाखांहून अधिक भरली. यांतील कितीतरी ट्रॅक्टर आजही गवत कापणे, गाडा ओढणे, बर्फ सारणे अशा किरकोळ कामांवर आहेत. या म्हाताऱ्या यंत्राचे नेहमीचे दुखणे म्हणजे काजळलेले स्पार्क प्लग. इंजिन चालू होण्यास कुरकुर करते, चालू झाले तर अडखळते, आणि नांगराचा भार पडताच धाप लागल्यासारखे बंद पडते. मालक नवे प्लग बसवितो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. असे का व्हावे?

ठिणगी कोठे नाहीशी होते?

स्पार्क प्लगची रचना साधी आहे. मध्यभागी एक धातूची कांडी, तिच्याभोवती चिनी मातीसारखे दिसणारे विद्युत्‌रोधक कवच, आणि बाहेरच्या लोखंडी अंगाला जोडलेला एक वाकडा काटा. कांडीचे टोक व काटा यांच्यात थोडीशी फट असते. '८एन'मध्ये ही फट सुमारे ०.०२५ इंच, म्हणजे ०.६४ मिलिमीटर, ठेवतात. कॉइलमधून येणारा हजारो व्होल्टांचा दाब ही फट ओलांडतो तेव्हा ठिणगी पडते.

आता काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन विजेचा वाहक आहे. कवचाच्या टोकावर काजळीचा थर साचला की विजेला फट ओलांडण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत. ती त्या थरावरून सरपटत लोखंडी अंगात उतरते. बांध फुटलेल्या पाटात जसे पाणी चढत नाही, तसा येथे विजेचा दाब पुरेसा चढतच नाही. ठिणगी दुबळी पडते किंवा पडतच नाही.

प्लग स्वतःची स्वच्छता स्वतःच करू शकतो, ही गोष्ट फारशा लोकांना ठाऊक नसते. कवचाचे टोक सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यावरील काजळी जळून जाते. मात्र त्यासाठी इंजिनाला पुरेसे काम हवे.

प्लग वाचण्याची रीत

निदानासाठी इंजिन प्रथम भाराखाली चांगले तापवावे व मग बंद करावे. केवळ उभ्या जागी फुरफुरत ठेवलेल्या इंजिनाचे प्लग खरी साक्ष देत नाहीत. '८एन'चे प्लग इंजिनाच्या माथ्यावर असल्यामुळे त्यांच्याभोवती धूळ साचते. ती आधी फुंकून काढावी, नाहीतर प्लग काढताच ती सिलिंडरात पडेल. इंजिन थोडे निवले की चारही प्लग काढून क्रमवार मांडावेत. कोणता प्लग कोणत्या सिलिंडरातील, हे विसरल्यास निम्मे निदान हातचे गेले असे समजावे.

टोक फिकट तपकिरी वा राखाडी असेल तर सर्व ठीक आहे. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी असेल तर इंधन जास्त व हवा कमी मिळत आहे, किंवा ठिणगी दुबळी आहे. टोक काळे, ओले व बुळबुळीत असेल तर सिलिंडरात वंगणतेल शिरत आहे. ते ओले असून पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन पेटलेच नाही. टोक पांढरेफटक व फोड आल्यासारखे दिसले तर दुखणे उलट आहे : इंजिन फाजील तापत आहे.

यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा : चारही प्लग सारखे आहेत की एकच वेगळा आहे? चारही काळे असतील तर कारण चौघांना सामाईक असणार. थंडीत ओढलेला चोक पुरता मागे गेला नसेल. हवा गाळणाऱ्या तेलाच्या वाटीत चिखल साचला असेल. कार्बुरेटरच्या मुख्य जेटची सुई फार सैल केली गेली असेल. विजेची बाजूही तपासावी. या ट्रॅक्टरची मूळ विद्युत्‌यंत्रणा अवघ्या ६ व्होल्टांची आहे. बॅटरीचे गंजलेले सांधे किंवा बारीक तारा या यंत्रणेला परवडत नाहीत.

एकच प्लग बिघडला असेल तर तो शेजारच्या सिलिंडरात बसवून पाहावा. दुखणे प्लगबरोबर गेले तर दोष प्लगचा. ते मूळ जागीच राहिले तर दोष तारेचा, वितरकाच्या टोपीचा किंवा खुद्द सिलिंडरचा. सिलिंडरची परीक्षा दाबमापकाने होते. दाब कमी भरल्यास चमचाभर तेल आत सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर दट्ट्याची कडी झिजली आहेत. न वाढल्यास बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत.

उपाय आणि उपायाचा भास

तारेच्या ब्रशने प्लग घासण्याची सवय बरी नव्हे. ब्रशच्या धातूच्या रेषा कवचावर उमटतात आणि त्याच विजेला नवी वाट करून देतात. वाळूच्या झोताने साफ केलेल्या प्लगात कण अडकून राहतात व ते सिलिंडरात गेल्यास झीज करतात. इंजिनाच्या किमतीच्या मानाने प्लगची किंमत क्षुल्लक असते. तो बदलावा हेच उत्तम. अधिक तापणारा प्लग बसविल्यास काजळी कमी होते खरी, पण तेल पिणारे इंजिन त्यामुळे बरे होत नाही. लक्षण तेवढे झाकले जाते.

दुखणे अंगावर काढणे मात्र महागात पडते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते आणि खाली उतरून वंगण पातळ करते. त्यामुळे कडी झिजतात, झिजलेल्या कड्यांवरून तेल वर चढते आणि तेच तेल पुन्हा प्लग बिघडविते. स्वस्तातील दुर्लक्षाचा शेवट अशा रीतीने संपूर्ण इंजिन उघडण्यात होतो.

अनेकदा असे आढळते की ट्रॅक्टरमध्ये दोष असा काही नसतोच. दिवसभर नांगर ओढण्यासाठी घडविलेले हे यंत्र आता दहा मिनिटे चालविले जाते आणि तापण्यापूर्वीच छपरात उभे केले जाते. अशा वेळी प्लग बदलण्यापूर्वी चोक पुरता मागे ढकलावा, ट्रॅक्टर शेतात न्यावा आणि अर्धा तास त्याच्याकडून खरे काम करवून घ्यावे. पुष्कळदा तेवढ्यानेच त्याचा आवाज पुन्हा एकसारखा होतो.