आसनगाव-मुरबाडला छोटा फ्लॅट घेण्याआधी

कल्याण-डोंबिवलीत वर्षानुवर्षं भाडं भरणारी कुटुंबं स्वतःच्या वन बीएचकेच्या शोधात वाशिंद, आसनगाव, शहापूर, मुरबाडपर्यंत येतात. घर छोटं असतं, पण त्यात आयुष्याची कमाई जाते. म्हणून तपासणी मोठ्या फ्लॅटइतकीच कसून व्हायला हवी. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत तर आधी जमीन बघावी, मग फ्लॅट.

त्याआधी प्रवासाचं पटकन सांगतो. शहापूरचं स्टेशन आसनगाव. टिटवाळ्यानंतर लोकल कमी होतात, त्यामुळे तुमच्या ड्युटीला जुळणारी जायची आणि यायची गाडी वेळापत्रकात आधी पाहा. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण गाठायला एसटी किंवा स्वतःची गाडी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातून जातो. पण नोकरदाराचा रोजचा प्रवास लोकलनेच होणार आहे.

पाण्याचा प्रश्न मात्र निवांत विचारा. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, तरी इथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण इथे रोज जगली जाते. सेल्स ऑफिसात ‘चोवीस तास पाणी’ सांगतील. ते नळयोजनेचं की बोअरवेलचं, हे विचारा. जवळच्या इमारतीतल्या रहिवाशांना मे महिन्यात काय होतं ते विचारा. शक्य असेल तर साइट मे महिन्यातच बघा.

आता जमीन. प्रकल्पाचा सर्व्हे किंवा गट नंबर घ्या आणि महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढा. नाव बघून थांबू नका. भोगवटादार वर्ग-१ आहे की वर्ग-२, ते बघा. वर्ग-२ च्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध असतात. मग ‘इतर हक्क’ हा रकाना शब्द न् शब्द वाचा. कुळकायद्याचा शेरा, बँकेचा बोजा, ‘राखीव वन’ किंवा वनसंज्ञेची नोंद, सगळं इथेच सापडतं. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचाही काही भाग. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. म्हणून आजच्या मालकाकडे जमीन कुणाकडून आली, हे जुन्या फेरफारांवरून मागे मागे जात बघावं लागतं. हे काम वकिलाचं आहे. त्याची फी वाचवू नका, आणि वकील बिल्डरने सुचवलेला नको.

जमीन बिनशेती झाली आहे का आणि नकाशा कोणी मंजूर केला, हा पुढचा प्रश्न. शहापूर आणि मुरबाडला नगरपंचायती आहेत, बाजूच्या गावांत ग्रामपंचायती. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला किंवा घरपट्टीची पावती दाखवून ‘परवानगी आहे’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. तुम्हाला बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा हवा आहे.

महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक विचारा. ठाणे जिल्ह्यातल्या आधी नोंदलेल्या प्रकल्पांचा क्रमांक पी५१७ ने सुरू होतो. मात्र भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर नोंदणी सक्तीची नाही, आणि छोट्या गावांत अशा इमारती बऱ्याच असतात. क्रमांक असला तरी कागद बघायचेच. कल्याण-डोंबिवलीत खोट्या बांधकाम परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यांत आपल्यासारखीच माणसं राहत होती, हप्ते भरत होती. म्हणून प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन ते देणाऱ्या कार्यालयात स्वतः खात्री करा.

क्षेत्रफळ मोजायला टेप घेऊन जा. समजा हॉल १४ बाय १०, बेडरूम १० बाय १०, स्वयंपाकघर ८ बाय ७, बाथरूम ६ बाय ४, संडास ४ बाय ३. बेरीज ३३२ चौरस फूट, म्हणजे जवळपास ३१ चौरस मीटर. आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळात, धरतात; बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. जाहिरातीत ‘५२५ फूट’ लिहिलं असेल, तरी करारात कार्पेटचाच आकडा हवा आणि दर त्यावरच काढून बघा.

पैशांचं. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत विक्री करार होईपर्यंत बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. मुद्रांक शुल्क नगरपंचायत आणि ग्रामपंचायत हद्दीत वेगळं असतं, ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. बांधकाम चालू असताना परवडणाऱ्या घराला १ टक्का आणि इतर घरांना ५ टक्के जीएसटी लागतो; पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर पहिल्यांदा विकलेल्या घराला लागत नाही. काही रक्कम रोखीत द्या म्हणाले तर देऊ नका, कारण करारात नसलेला पैसा तुम्हाला परत मागता येत नाही.

चावी घ्यायची ती भोगवटा प्रमाणपत्र बघूनच. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के सदनिका बुक झाल्यावर तीन महिन्यांत सोसायटी व्हायला हवी. त्यानंतर राहतं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं. बिल्डर टाळत असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. सोसायटीच्या पहिल्याच सभेत हा विषय मांडा, कारण ते होईपर्यंत तुमच्या इमारतीखालची जमीन दुसऱ्याच्याच नावावर राहते.